सुरणावर पारखलेला मसाला

आमच्या घरात कोंबडीचा मसाला होत असे, कोंबडी होत नसे. बोईसरला स्टेशनाजवळ वडिलांचं किराण्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. जात सांगत बसत नाही. एकादशीला साबुदाण्यात जिरं चालतं की नाही, एवढ्यावरून ज्या घरातले दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले, त्या घरातला मी, एवढं सांगितलं तरी पुरे. त्यातला जिरं न चालणारा भाऊ म्हणजे माझे वडील.

हेच वडील दुकानात लवंग, दालचिनी, जायपत्री, दगडफूल बरण्या भरभरून ठेवायचे. त्या बरण्या आमच्या मसालेभातावर रिकाम्या होत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "शेठ, मटणाला मसाला द्या." वडील न ऐकल्यासारखं करून विचारायचे, "गरम मसाला ना?" गिऱ्हाईक हो म्हणालं की ते पुडी बांधायला घ्यायचे. अशा रीतीने मटणाचं पाप गिऱ्हाइकाकडे राहायचं आणि विक्री आमच्याकडे. लहानपणी मला हे फार हुशारीचं वाटायचं. मोठेपणी मी स्वतः त्याच्यापेक्षा मोठी लबाडी केली, तिचीच ही हकीकत आहे.

साठच्या दशकाच्या मध्याला तारापूरच्या किनाऱ्यावर वीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि बोईसरचं रूपच पालटलं. कुठून कुठून माणसं आली. ट्रकवाले, वेल्डर, फिटर, क्रेन चालवणारे. संध्याकाळ झाली की त्यांच्या झोपड्यांपुढे निखारे पेटायचे आणि तारेवर कोंबड्या चढायच्या. असाच एक ट्रकवाला एकदा दुकानात आला आणि त्याने हिंदीत विचारलं की कोंबडीला वरून चोळायला कोरडा, तयार मसाला आहे का, कारण वाटायला त्याच्याकडे पाटाही नाही आणि बायकोही नाही. वडिलांनी नाही म्हणून सांगितलं. पडद्याआड आई तांदूळ निवडत होती. तिने ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी गल्ल्याशेजारी वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी ठेवलेली होती.

वडील चिडले, पण ट्रकवाला पुन्हा आला आणि चार जणांना घेऊन आला. मग वडिलांनी अट घातली की पुडीवर दुकानाचं नाव नको. आईने नावाच्या जागी लाल दोरा बांधला. वर्षभरात बोईसरपासून तारापूरपर्यंत "लाल दोऱ्याचा मसाला" एवढं म्हटलं की पुरायचं.

आईचं नाक विलक्षण होतं. धन्यांच्या दोन पोत्यांतलं कोणतं गेल्या सालचं, हे ती पोतं न उघडता सांगायची. मसाल्याचा दिवस असला की आमच्या मागच्या ओट्यावर जायची सोय नसे. मिरच्या उन्हात कडकडीत वाळलेल्या, मग लोखंडी तव्यावर तेलाचा थेंबही न लावता भाजलेल्या. धने वेगळे, मिरी वेगळी, बडीशेप वेगळी, कारण प्रत्येकाला भाजायला लागणारा वेळ निराळा. सुंठ ठेचून घ्यायची. सगळं लोखंडी खलबत्त्यात कुटायचं आणि पातळ कापडातून चाळायचं. शेजारच्या बायका शिंका देत दारं लावून घ्यायच्या. आई मात्र शिंकायची नाही. शिंक आली तर वास चुकतो, असं तिचं म्हणणं होतं.

आता प्रश्न असा होता की मसाला जमलाय की नाही हे कळायचं कसं. जिने जन्मात अंडं फोडलं नव्हतं, ती कोंबडीचा मसाला कशावर पारखणार? आईने त्याला उपाय काढला होता, तो म्हणजे सुरण. मासवणकडची एक बाई बाजाराच्या दिवशी टोपलीतून सुरणाचे गड्डे आणायची. आई त्यातला मोठा बघून घ्यायची, चिंचेच्या पाण्यात उकडायची, जाडजूड फोडी करायची, त्यांना सुरीने चिरे द्यायची, मसाला चोळायची आणि शेगडीवर जाळी ठेवून भाजायची. खोटं कशाला सांगू, ते सुरण अप्रतिम लागायचं. बाहेरून खरपूस, तपकिरी, चकाकणारं, आतून मऊ. वडीलसुद्धा चार फोडी खायचे, आणि हा कशाचा मसाला आहे याचा विचार न करण्याचं कसब त्यांना पूर्वीपासून होतंच.

ती चकाकी कशाची, तर साखरेची. आमच्या घरात कोणत्याही पदार्थात गोडाचा हात पडल्याशिवाय तो पुरा झाला असं मानत नसत. आमटीत गूळ, भाजीत गूळ, कोशिंबिरीत साखर. कोरड्या मसाल्यात गूळ ढेकळं धरतो, म्हणून आई खडीसाखर कुटून घालायची, आणि चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर. सुरण दहा मिनिटांत जाळीवरून उतरतं. तेवढ्यात साखर वितळते आणि फोडीला सोन्याचा मुलामा दिल्यासारखा रंग येतो. आई तो रंग बघायची, एक फोड माझ्या हातावर ठेवायची आणि विचारायची, "कसा झालाय?"

मी म्हणायचो, "छान."

तेव्हा मी बांधकामाच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. खिळे, तारा, जाळ्या आणि रंगाचे डबे यांच्या नोंदी ठेवायचं काम. माझ्याच टेबलाला चिंचणीचा एक मित्र होता. त्यांची घरामागे वाडी होती, नारळ, केळी, थोडे चिकू. दर रविवारी त्या वाडीत निखाऱ्यांवर गावठी कोंबडी भाजली जाई. एका रविवारी त्याने मला नेलं. कोंबडीचा पहिला तुकडा तोंडात घातला तेव्हा सात पिढ्यांचे पितर आडवे येतील असं मला वाटलं होतं. कोणी आलं नाही. मी दुसरा तुकडा घेतला. तेव्हाही कोणी आलं नाही. त्यानंतर मी त्यांची वाट बघणं सोडून दिलं.

मित्राच्या आईला मी मावशी म्हणायचो. तिने माझ्याबरोबर आमच्या घरी केळ्यांची फणी पाठवली. आईने उलट भेट म्हणून लाल दोऱ्याच्या दोन पुड्या दिल्या, आणि पुढच्या रविवारी आमच्याच घरचा मसाला चोळलेली कोंबडी माझ्या पानात आली.

ती कडू होती. थोडीथोडकी नव्हे, वर काळा कोळसा आणि त्याखाली जळकट कडवटपणा. मी काही बोललो नाही. मावशी सुरी घेऊन शांतपणे वरचा थर खरवडत होती आणि आतलं पांढरं मांस आम्हाला वाढत होती. तीही काही बोलली नाही. कोणी मायेने दिलेल्या जिनसेला नाव ठेवायचं नाही, हा त्या घरचा नेम होता. मित्राने तर "काकूंचा मसाला झकास" म्हणून सांगायला मला घरी पाठवलं. ट्रकवाल्यांची गोष्ट निराळी. ते ताडीबरोबर खायचे, आणि ताडीच्या दुसऱ्या पेल्यानंतर कडू काय आणि गोड काय.

मला एका वाक्यात सांगता आलं असतं की आई, साखर जळते. पण ते वाक्य सांगितलं की पुढचा प्रश्न येणार होता, तुला रे काय ठाऊक? म्हणून मी तीन वर्षं मूग गिळून बसलो. दर आठवड्याला सुरणाच्या फोडीला छान म्हणायचं आणि दर रविवारी चिंचणीला जाऊन काळा थर खरवडायचा. येताना वेलदोडे चघळायचे. स्वतःबद्दल मला तेव्हा फारसं वाईट वाटत नव्हतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

मग एक अमेरिकन साहेब आडवा आला. तिथे इंजिनियर म्हणून आलेला, सहा फुटांहून उंच, उन्हाने टोमॅटोसारखा लाल झालेला. त्याने वर्कशॉपमधून तेलाचं एक पिंप उभं चिरून घेतलं होतं आणि त्यात निखारे घालून तो रविवारी बंगल्यामागे मांस भाजायचा. जाळी माझ्याच स्टोअरमधून जायची. त्याने तिकडून आणलेला चोळायचा मसाला आमच्या दमट हवेत दगड झाला होता. तो फेब्रुवारीत परत जायचा होता, आणि जाण्यापूर्वी सगळ्या कामगारांना समुद्रकिनारी जेवण द्यायचं त्याच्या मनात होतं. दोनशे माणसं, चर खणून उघडे निखारे, कोंबड्या. मसाल्याचं काय करावं, असं तो माझ्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला.

आणि मी म्हणालो की माझी आई करते, या भागात तिच्यासारखा मसाला कोणी करत नाही.

हे मी का म्हणालो, ते अजून मला समजलेलं नाही. मित्राने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण साहेबाने माझा हात हातात घेऊन हलवला होता आणि पाच किलो सांगून तो निघूनही गेला होता.

आईला सांगितलं तेव्हा ती उठली आणि मिरच्यांचं पोतं उघडून वास घेऊ लागली. तिचे कान लाल झाले होते. मी तिला एवढी आनंदलेली त्यापूर्वी पाहिलीच नव्हती. आमच्या घरात ती जे करायची ते सगळं देवासाठी, वडिलांसाठी किंवा पाहुण्यांसाठी असायचं. मसाला तेवढा तिचा होता. कोणी तिला तो करायला सांगितला नव्हता आणि तो कसा करायचा हे सांगणारं कोणी नव्हतं.

वडिलांनी ऐकलं आणि ते छताकडे बघून बोलू लागले. बायकोला काही सुनावायचं असलं की ते छताशी बोलायचे. एवढे दिवस आपण कानाडोळा केला, ट्रकवाल्यांपर्यंत ठीक होतं, पण आता दोनशे माणसं, त्यात साहेब, त्यात आपल्या ओळखीचे कामगार. उद्या साहेब वाकडं तोंड करून म्हणाला की दुकानदाराच्या घरचा मसाला भिकार होता, तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"एक जरी तक्रार आली," वडील छताला म्हणाले, "तर खलबत्ता माळ्यावर जाईल. आणि परत उतरणार नाही."

आईने मान हलवली. तक्रार येणारच नाही अशी तिची खात्री होती, कारण तिच्या मसाल्याला आजवर एकानेही नाव ठेवलं नव्हतं. मी तिथेच उभा होतो.

पुढचे चार दिवस मी जे उद्योग केले ते सांगायला नकोत, पण सांगतो. पहिल्या दिवशी मी म्हणालो की साहेब लोकांना गोड चालत नाही. आई म्हणाली, तूच सांगितलंस की साहेब चहात चार चमचे साखर घालतो. दुसऱ्या दिवशी म्हणालो की साखर रेशनची, कशाला वाया घालवायची. ती म्हणाली, खडीसाखर रेशनवर नाही. तिसऱ्या दिवशी मी खडीसाखरेचा डबाच उचलून कोठीतल्या पणत्यांमागे लपवला. तिने दुकानातून दुसरा आणला आणि पणत्यांमागचाही शोधून आणला, कारण तिला तो वासावरून सापडला. चौथ्या दिवशी दुपारी ती पहिला किलो एकत्र करायला बसली. वडील दुकानात पोत्यांना टेकून झोपले होते. साखर तिच्या मुठीत होती.

"आई, ती घालू नकोस," मी म्हणालो. "जळते."

"सुरणावर नाही जळत."

"कोंबडीवर जळते. कोंबडीला पाऊण तास लागतो. बाहेरून कोळसा होतो आणि कडू लागतं."

मूठ तशीच राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. जे बाहेर पडायचं ते पडून गेलं होतं. मी म्हणालो की मी खाल्लंय. तीन वर्षं खातोय. आता ती काय करेल याची मी मनात यादी केली होती, आंघोळ घालेल, रडेल, वडिलांना उठवेल, स्वयंपाकघराचा उंबरा बंद करेल. त्यातलं तिने काहीच केलं नाही.

"तू खातोस ते मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे," ती म्हणाली. "रविवारी तुझ्या सदऱ्याला चरबीचा वास येतो आणि तोंडाला वेलदोड्याचा. ते तू आणि तुझा देव बघून घ्या. पण माझा मसाला कडू लागतो हे तुला तीन वर्षं माहीत होतं?"

मी मान खाली घातली.

"आणि माझ्यासमोर बसून सुरणाला छान म्हणत होतास."

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने साखर परत डब्यात टाकली, हात झटकले आणि खलाकडे बघत बसून राहिली. ज्या पुड्या आजवर दोरा बांधून तिने दिल्या होत्या त्या सगळ्या बहुधा तिच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात. मला आयुष्यात एवढं हलकट कधी वाटलं नव्हतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला बघायचंय."

मला वाटलं, माझी पत्रिका बघायची असेल. तिला कोंबडी भाजताना बघायची होती.

हळदीकुंकवाचे दिवस होते. चिंचणीच्या मावशीने बोलावलंय, असं वडिलांना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं, कारण मावशी तिला दर वर्षी बोलवायची आणि आई दर वर्षी जायचं टाळायची. आई आणि मी एस.टी.ने चिंचणीला उतरलो. मावशीने आधी कुंकू लावलं, वाण दिलं, मग शहाळं फोडून दिलं. शहाळं आमच्यात कोणाच्याही घरचं चालतं, देवानेच आतून बंद करून पाठवल्यामुळे. मग मागे वाडीत मित्राने निखारे फुलवले. मी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे कोंबडीचे दोन अर्धे केले होते. एकाला आईचा मसाला साखरेसकट, दुसऱ्याला साखरेशिवाय.

आईसाठी वाऱ्याच्या उलट्या बाजूला, केळीच्या सावलीत खुर्ची ठेवली होती. ती पदर नाकाला लावून बसली. पाच मिनिटं बसली. मग पदर खाली आला. नाकाने मसाला पारखणारी बाई नाक झाकून काय पारखणार? मग तिने खुर्ची चार हात पुढे ओढली. मग ती उठली आणि थेट जाळीपाशी जाऊन उकिडवी बसली. मित्राने दचकून माझ्याकडे पाहिलं. मी वर आकाशात पाहिलं.

मांसाला पाणी सुटलं आणि निखाऱ्यांवर चुरचुरलं. मसाल्याचे लाल ओघळ खाली वाहू लागले.

"हे रडतंय की," आई म्हणाली. "सुरण रडत नाही."

नंतर चरबी ठिबकली आणि भपकन जाळ उठला. साखरेचा अर्धा आधी सुंदर तांबूस झाला. आई त्याकडे बघून किंचित हसलीही, कारण हा तिच्या ओळखीचा रंग होता. मग तिच्या डोळ्यांदेखत तो तपकिरी झाला, मग काळा पडत गेला, आणि जळक्या साखरेचा वास वाडीभर पसरला. कोंबडी अजून अर्धीकच्ची होती. आई तो वास नाकात भरून घेत राहिली. तिला चव घेण्याची गरजच नव्हती.

ती मावशीकडे वळली. "तुम्ही याचं काय करत होता?"

मावशी पदराचं टोक पिळत उभी होती. "वयनी, खरं सांगू? मसाला तुमचा लय चांगला हाय. पन साखर जळते. आमी वरचा थर खरवडून टाकतो."

"कधीपासून?"

"पैल्या दिसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी मायेनं दिलेला. त्याला नाव कसं ठेवायचं?"

 आईने शेजारची जमीन हाताने साफ केली आणि मावशीला बस म्हणून खूण केली. "आता ठेवा," ती म्हणाली. "बसून, एकेक करून ठेवा."

आणि मावशीने ठेवली. आधी जरा घाबरत, मग रंगात येऊन. मीठ मसाल्यातच मिसळलंय, ते पाण्याबरोबर वाहून जातं, आधी नुसतं मीठ लावून ठेवायला हवं. मिरची बारीक झालीये, जरा भरड हवी, म्हणजे चिकटून राहते. सुंठ चांगली हाय, ती सोडू नका. आई मध्ये मध्ये विचारायची, मांडीला जास्त वेळ लागतो की छातीला, कातडी ठेवतात की काढतात, लिंबू कधी पिळतात. ज्या बाईने कोंबडीला जन्मात हात लावला नव्हता ती कोंबडीच्या कातडीबद्दल असे प्रश्न विचारत होती की मित्र तोंडात बोट घालून उभा राहिला.

शेवटी तिने मला हाक मारली. साखर नसलेल्या अर्ध्यातला तुकडा खायचा आणि सांगायचं. आईपासून दीड हातावर बसून मी कोंबडी खाल्ली. पितरांची जी भीती पहिल्याच रविवारी मावळली होती ती सगळी मला तेव्हा वाटली. मी घास तसाच गिळला.

"चावून सांग," ती म्हणाली. "नुसतं गिळू नकोस."

मी चावलं आणि सांगितलं. कडू नाही, पण कोरडं लागतंय, काहीतरी कमी आहे. तिने डोळे मिटले, थोडा विचार केला आणि म्हणाली की साखर कमी आहे. मी हताश होऊन मावशीकडे पाहिलं. पण आईच्या डोक्यात वेगळं होतं. साखर घालायची, पण शेवटी. मांस शिजलं, रडून झालं, जाळ बसला की लिंबाच्या रसात साखर कालवून वरून लावायची आणि सुरणाएवढाच वेळ ठेवायची. मित्राने उरलेल्या तुकड्यांवर तसं करून पाहिलं. मावशीने एक तुकडा खाल्ला, मग काही न बोलता दुसरा घेतला. त्या घरात कोणाच्या जिनसेला नाव ठेवत नसत, पण दुसऱ्यांदा घेणं म्हणजे काय ते आईला समजलं.

साहेबाला म्हणून तीन वेगवेगळ्या पिशव्या गेल्या. पांढऱ्या दोऱ्याची मिठाची, लाल दोऱ्याची मसाल्याची, पिवळ्या दोऱ्याची साखरेची. मी कागदावर क्रम लिहून दिला. तो कागद जेवणाच्या दिवशी वाऱ्यावर समुद्रात गेला आणि तिथला मुख्य आचारी तिन्ही पिशव्या एका घमेल्यात ओतायला निघाला. मी त्याच्या घमेल्यात बसलो. हे शब्दशः खरं आहे. दोनशे माणसांदेखत मी घमेल्यात बसून राहिलो आणि तिन्ही पिशव्या पोटाशी धरल्या, साहेब येऊन माझ्या बाजूने बोलेपर्यंत उठलो नाही. त्यानंतर सगळं क्रमाने झालं. एका तासाने कोणी बोलत नव्हतं, सगळे खात होते. साहेबाने हाडं समुद्रात फेकली आणि मला विचारलं की तुझी आई अमेरिकेत येईल का. मी म्हणालो, ती चिंचणीला आली हेच खूप झालं.

संध्याकाळी परतलो तेव्हा वडील दुकानाच्या दारात उभे होते. त्यांनी एकच शब्द विचारला, "तक्रार?" मी नाही म्हणालो. ते तराजूकडे वळले आणि खलबत्त्याचा विषय पुन्हा कधीच निघाला नाही.

आई मागच्या दारी होती. मी आंघोळीला जाऊ लागलो तर तिने थांबवलं. आधी सांग, म्हणाली. मी सांगितलं. साहेबाचं, अमेरिकेचं, आचाऱ्याने शेवटी बोटं चाटली त्याचं, फिटरांनी रिकाम्या पिशवीत भाकरी पुसून खाल्ली त्याचं. मी रंगवून सांगत होतो आणि ती ऐकत होती, पण तिचा चेहरा काही खुलत नव्हता.

"असंच छान-छान तू सुरणाच्या वेळेलाही म्हणायचास," ती म्हणाली. "चुकलं काय ते सांग."

 चुकलं होतं. एवढ्या सुखाच्या दिवशी ते कशाला काढायचं, असं माझ्या मनात आलंच, जुनी सवय. ती वाट बघत होती. मी म्हणालो, "हाडाजवळ अळणी होतं."

तिला वाईट वाटेल म्हणून मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिने विचारलं, "मीठ लावून किती वेळ ठेवलं होतं?"

"तासभर."

"मग मीठ नाही, वेळ कमी पडला." तिने पाट माझ्यापुढे सरकवला, मला बसवलं आणि स्वतः समोर बसली. तिचे कान लाल झाले होते. "आणखी?"

मी सांगायला लागलो. मिरी जराशी पुढे येत होती. लिंबाची आंबट चव पंखांवर जास्त बसली होती. दिवेलागण झाली, वडिलांनी दोनदा जेवायचं विचारलं आणि दोन्ही वेळा तिने हाताने थांबा म्हणून सांगितलं. अंगाला कोंबडीचा वास येत असलेला मी तिच्यासमोर बसून एकेक चूक सांगत होतो, आणि ती प्रत्येक चुकीनंतर पुढची मागत होती.